निकाल शेवटी वाचा: खऱ्या खटल्यांतून न्यायालय शिकवताना

नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला न्यायालयांचा त्रिकोण बहुतेक मुलांना तोंडपाठ असतो. तळाशी तालुक्याचं न्यायालय, मग जिल्हा, मग उच्च न्यायालय, टोकावर सर्वोच्च. पण "उद्या शाळेनं तुझं नाव पटावरून काढलं तर यातल्या कुठल्या दारात जाशील?" असं विचारलं की वर्ग एकमेकांकडे बघू लागतो. त्रिकोणात पायऱ्या आहेत, वाट नाही. वाट दिसते ती खऱ्या खटल्यात. कोणीतरी अर्ज करतं, कोणीतरी तो फेटाळतं, मग पुन्हा कोणीतरी वर जातं, आणि प्रत्येक टप्प्यावर प्रश्न थोडा बदलतो.

खटला घेऊन शिकवायचा प्रयत्न बरेच शिक्षक करतात. तो फसतो बहुधा एकाच जागी: पहिल्याच वाक्यात निकाल सांगून टाकला जातो. 'सर्वोच्च न्यायालयानं ऐतिहासिक निकाल देऊन अमुक हक्क मान्य केला' असं एकदा फळ्यावर आलं की विचार करायला काही उरत नाही. जिंकलेली बाजू आधीपासूनच बरोबर होती आणि हरलेली बाजू मूर्ख किंवा दुष्ट होती, असं मुलं धरून चालतात. न्यायाधीशांना तेव्हा हे ठाऊक नव्हतं. त्यांच्यासमोर दोन बाजू होत्या आणि दोन्हींकडे काहीतरी म्हणण्यासारखं होतं. म्हणून निकालाची प्रत शेवटच्या तासापर्यंत कपाटात ठेवा. मुलं मोबाईलवर शोधतील हे गृहीत धरून पहिल्या कागदावर खटल्याचं नाव, राज्य आणि साल देऊच नका.

खटला निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. वस्तुस्थिती दहा-बारा ओळींत सांगता येते का? हरलेल्या बाजूकडे खरोखरचा युक्तिवाद होता का? खालच्या आणि वरच्या न्यायालयाचं मत वेगळं पडलं का? या कसोट्या लावल्या की काही गाजलेली नावं आपोआप बाजूला पडतात. संसदेला राज्यघटना किती बदलता येते हे ठरवणारा केशवानंद भारती खटला महत्त्वाचा आहे यात वाद नाही. 13 न्यायाधीश, 68 दिवसांची सुनावणी, 24 एप्रिल 1973 रोजी 7 विरुद्ध 6 असा निकाल. पण नववीच्या वर्गासाठी सुरुवात म्हणून तो अगदी वाईट. जमीन सुधारणा, घटनादुरुस्त्या आणि आधीचे निकाल समजावण्यातच चार तास संपतात आणि मुलांच्या हाती 'मूलभूत संरचना' हे दोन शब्द उरतात.

आठवी ते दहावीसाठी माझ्या मते सर्वांत चांगला खटला म्हणजे बिजोय इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. पात्रं शाळकरी आहेत, प्रसंग रोजच्या परिपाठाचा आहे आणि निकालपत्र छोटं आहे. पहिल्या कागदावर एवढंच द्यायचं: एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडं. परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहतात, पण गात नाहीत. आपल्या धर्मश्रद्धेनुसार देवाच्या प्रार्थनेखेरीज अशा गायनात भाग घेता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मोठ्या बहिणीही याच शाळेत होत्या आणि त्याही तसंच करायच्या, तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. मग एका आमदारानं विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी नेमली गेली. मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा अहवाल आला. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेनं तिघांना शाळेतून काढलं. शिक्षण खात्याच्या परिपत्रकात सर्व विद्यार्थ्यांनी राष्ट्रगीत म्हणावं असं लिहिलेलं होतं.

पस्तीस मिनिटांचे चार तास पुरतात. पहिल्या तासाला फक्त वाचन आणि 'काय झालं' हे लिहून काढणं. इथं घाई करू नका. मुलं 'काय झालं' या रकान्यात हमखास 'मुलांनी चूक केली' किंवा 'शाळेनं अन्याय केला' असं लिहितात. ही मतं आहेत, ती खोडायला लावा. वस्तुस्थितीच्या रकान्यात दोन्ही बाजूंना मान्य होईल तेवढंच राहिलं पाहिजे. ही सवय लागायला पूर्ण तास जातो, आणि तो जाऊ द्यावा.

दुसऱ्या तासाला कायदा द्यायचा. चार तुकडे पुरेत, तेही सोप्या मराठीत: अनुच्छेद 19(1)(क) मधलं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, 19(2), म्हणजे त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण कायद्यानं, अनुच्छेद 25 मधलं सद्सद्विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य, आणि राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध अधिनियम, 1971 चं कलम 3, ज्यात राष्ट्रगीत गाण्यापासून कोणाला हेतुपुरस्सर रोखणं किंवा गाणाऱ्या समूहात गोंधळ घालणं हा गुन्हा आहे. वर्गाचे तीन गट करा: भावंडांची बाजू, शासनाची बाजू, न्यायाधीश. न्यायाधीशांचा गट विषम संख्येचा ठेवा आणि त्यांना रिकामं बसवू नका. दोन्ही बाजूंना विचारायचे किमान पाच प्रश्न त्यांनी आधी लिहून द्यायचे. नाहीतर ते नुसते ऐकणारे होतात आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याला निकाल देतात.

तिसरा तास युक्तिवादाचा, आणि गाडी घसरते ती इथंच. दहा मिनिटांत चर्चा 'राष्ट्रगीत म्हणावं की नाही' यावर जाते, आवाज चढतात, देशप्रेम मोजलं जाऊ लागतं. शिक्षकानं तेव्हा बाजू घेऊ नये आणि विषयही बंद करू नये. फळ्यावर एकच ओळ लिहायची: 'न म्हटल्याबद्दल शाळेतून काढण्याचा अधिकार कोणत्या कायद्यानं दिला?' न्यायालयापुढचा प्रश्न वर्तनाच्या चांगलेवाईटपणाचा नसतो, अधिकाराचा असतो. ही ओळ समोर आली की शासनाच्या गटाला परिपत्रकाकडे आणि शिस्तीच्या नियमाकडे वळावंच लागतं. दुसरा गट विचारतो की परिपत्रक म्हणजे 19(2) मधला कायदा होतो का. मग खरा वाद सुरू होतो.

चौथ्या तासाला निकाल. आधी केरळ उच्च न्यायालयाचा. एकल न्यायाधीशांनी याचिका फेटाळली, मग खंडपीठानंही. खंडपीठानं राष्ट्रगीताचे शब्द तपासले आणि त्यात कोणाच्याही धर्मभावनेला धक्का बसेल असं काही नाही, असं म्हटलं. इथं थांबून विचारा: हा युक्तिवाद पटतो का? बऱ्याच मुलांना पटतो. त्यानंतर 11 ऑगस्ट 1986 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढायचा, न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांचा. त्यांनी म्हटलं की उच्च न्यायालयानं प्रश्नच चुकीचा धरला. शब्द आक्षेपार्ह आहेत का, हा मुद्दा नाही. श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि ती संरक्षणात बसते का, हा आहे. राष्ट्रगीत गायलाच हवं असं सांगणारा कायदा नाही, आदरानं उभं राहणं हा अनादर नाही, आणि खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचा आधार नाही. मुलांना शाळेत परत घ्या, असा आदेश झाला. खालचं आणि वरचं न्यायालय एकाच वस्तुस्थितीकडे वेगळा प्रश्न घेऊन बघतात, हे मुलांना या एका तासात कळतं. त्रिकोण कितीही वेळा काढून ते कळत नाही.

जोड म्हणून एक लहानसा पाठ देता येतो. 30 नोव्हेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहात राष्ट्रगीत वाजवणं बंधनकारक करणारा अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश दिला आणि 9 जानेवारी 2018 रोजी तो बदलून ऐच्छिक केला. अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल यांतला फरक यापेक्षा सोपा सांगता येणार नाही.

दुसरा खटला असा घ्यावा की ज्यात 'जिंकलं कोण?' याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, 10 जुलै 1985, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड. 1981 च्या पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथांवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हटवण्याचा शासनाचा निर्णय. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. मार्गदर्शिका इथंच थांबतात आणि मुलं 'झोपडीवासी जिंकले' असं लिहितात. प्रत्यक्षात पदपथावरचं अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देणारं मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 चं कलम 314 वैध ठरलं. पदपथ अडवण्याचा हक्क कोणाला नाही, असं न्यायालयानं सांगितलं. हटवण्याची परवानगी मिळाली, फक्त 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबायला सांगितलं. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली. तत्त्व एका बाजूला आणि आदेश दुसऱ्या बाजूला, असं होऊ शकतं. म्हणून निकालपत्र शिकवताना 'न्यायालय काय म्हणालं' आणि 'न्यायालयानं काय करायला सांगितलं' असे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

हुशार गटाला आणखी एक गाठ सोडवायला द्या. उच्च न्यायालयातल्या आधीच्या याचिकेत याच लोकांच्या वतीनं 'पदपथावर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही' असं कबूल केलं गेलं होतं. मग सर्वोच्च न्यायालयात हक्क कसा मागितला? न्यायालयाचं उत्तर असं की मूलभूत हक्क कोणी कबुली देऊन सोडून देऊ शकत नाही.

आता दोन्ही खटल्यांची वाट शेजारी शेजारी काढायला लावा. केरळची मुलं अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात, तिथं अपील, मग अनुच्छेद 136 खाली विशेष अनुमतीनं दिल्लीत. मुंबईच्या प्रकरणातल्या याचिका अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात. 'थेट जाता येतं तर सगळेच का जात नाहीत?' हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. मूलभूत हक्काचा भंग असेल तरच 32, शिवाय न्यायालय आधी उच्च न्यायालयात जा असं सांगू शकतं. 226 चा आवाका मोठा, तिथं इतर कायदेशीर हक्कही मागता येतात. आणि महाराष्ट्रातल्या माणसाला मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा 2025 पासून कोल्हापूर गाठणं दिल्लीपेक्षा कधीही सोपं.

एवढं झालं तरी एक मोठी उणीव राहते. गाजलेले खटले बहुतेक रिट याचिकांचे असतात, म्हणजे 226 किंवा 32 खाली वरच्या न्यायालयात केलेल्या अर्जांचे. त्यात साक्षीदार नसतो, उलटतपास नसतो, पंचनामा नसतो. सामान्य माणसाचा संबंध मात्र येतो तो तालुक्याच्या दिवाणी आणि फौजदारी न्यायालयाशी. त्याबद्दल मुलांचं ज्ञान चित्रपटांतून येतं, म्हणून त्यांना हातोडा आपटणारे न्यायाधीश आणि ऐनवेळी दार उघडून आत येणारा साक्षीदार दिसतो. भारतातल्या न्यायालयात हातोडा वापरत नाहीत. ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, तीही नाही. ती कशी गेली हे अकरावी-बारावीला नानावटी खटल्यातून दाखवता येतं. 1959 चा प्रसंग, नौदलातल्या एका अधिकाऱ्यावर खुनाचा आरोप. नऊ जणांच्या ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतानं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये ती कायम केली. हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला होता असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. ज्युरी नंतरही काही काळ चालू होती आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच राहिली नाही. लहान वर्गांसाठी हा खटला घेऊ नये, त्यातला बाकीचा तपशील त्यांच्या कामाचा नाही.

खालचं न्यायालय शिकवायला धनादेश न वटल्याची प्रकरणं फार उपयोगी पडतात. परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138. रक्तपात नाही, गुप्त ओळख जपायचा प्रश्न नाही, आणि सगळा खेळ तारखांचा. बँकेकडून धनादेश परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस. तेही उलटले की एक महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. फळ्यावर तारखा द्या: बँकेचा मेमो 4 मार्चला मिळाला. नोटीस कधीपर्यंत? मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचं, म्हणजे 3 एप्रिल. नोटीस समोरच्याला 8 एप्रिलला मिळाली. पैसे द्यायची मुदत 23 एप्रिलपर्यंत. 24 एप्रिलला तक्रारीचं कारण निर्माण होतं, तक्रार 24 मेपर्यंत. निम्मा वर्ग 4 मार्च धरून मोजतो आणि एक दिवस चुकतो. मग विचारा, 20 एप्रिललाच तक्रार केली तर? ती मुदतपूर्व, टिकत नाही. 24 मेला न्यायालय बंद असेल तर? उघडल्याच्या दिवशी. उशीर झालाच तर पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते. गणिताच्या शिक्षकांनाही हा तास आवडतो.

नकली न्यायालय भरवणार असाल तर लिहून पाठ केलेले संवाद देऊ नका, ते नाटक होतं. साक्षीदाराला फक्त त्याच्या जबाबाचं पान द्या आणि वकिलाला सगळ्यांची. नियम तीनच. सरतपासात (स्वतःच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना) सूचक प्रश्न चालत नाहीत, म्हणजे 'तुम्ही आरोपीला पळताना पाहिलंत ना?' असं विचारायचं नाही, 'काय पाहिलंत?' असं विचारायचं. उलटतपासात (समोरच्याच्या साक्षीदाराला विचारताना) सूचक प्रश्न चालतात. ऐकीव गोष्ट सांगितली की समोरच्यानं हरकत घ्यायची. एका साक्षीदाराला गुपचूप फितूर व्हायला सांगितलं तर सरकारी वकील झालेल्या मुलाचा गोंधळ बघण्यासारखा असतो, आणि न्यायाधीशांच्या परवानगीनं स्वतःच्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारता येतात हेही त्यातून कळतं. सगळ्यात जास्त विसरला जातो तो आरोपीचा जबाब. साक्षीपुरावे झाल्यावर न्यायाधीश स्वतः आरोपीला विचारतात की तुझ्याविरुद्ध हे आलंय, तुझं म्हणणं काय. वकिली बोलीत याला अजूनही '313 चा जबाब' म्हणतात. हा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा आकडा, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 351 आहे.

कलमांच्या आकड्यांचा घोटाळा आता कायमचा सोबत राहणार. 1 जुलै 2024 पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या निकालात 302 दिसेल, नव्या प्रकरणात तो खून 103 मध्ये. 420 ची फसवणूक 318 मध्ये. जमावबंदीचं 144 आता 163. जुन्या निकालातले आकडे बदलू नका, समासात नवा आकडा लिहा.

निकालपत्र बातमीतून घेऊ नये. सुनावणीत न्यायाधीश सहज काही विचारतात, त्याची ठळक बातमी होते, आणि आदेशात त्याचा मागमूस नसतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींची मराठी भाषांतरंही आहेत. भाषांतर वर्गात वाचायला ठीक, पण शंका आली तर इंग्रजी प्रतच प्रमाण. वर छापलेली शीर्षटीप संपादकाची असते, न्यायाधीशाची नाही, हे मुलांना आधीच सांगा. जिल्हा न्यायालयाचं प्रकरण ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकानं, म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकानं, सापडतं. सोळा चिन्हं: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन आकडे न्यायालयाचे, सहा अनुक्रमाचे, चार वर्षाचे. तिथली प्रत वर्गात वाटण्यापूर्वी नावं काळी करावीत. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती आणि गुन्ह्यातलं पीडित, साक्षीदार किंवा आरोपी बालक यांची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 72, पोक्सोचं 23, बाल न्याय अधिनियमाचं 74. नाव काढलं पण गाव, शाळा आणि नातं ठेवलं, तर ओळख पटतेच. अशी प्रकरणं शाळेत घेऊच नयेत असं माझं मत आहे, शिकवण्यासारखं दुसरं भरपूर आहे.

निकालानंतर काय होतं, यासाठी श्रेया सिंघल खटला ठेवा. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. श्रेया सिंघल या तरुणीनं माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 66-अ ला, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश पाठवणं गुन्हा ठरवणाऱ्या कलमाला, आव्हान दिलं. 24 मार्च 2015 रोजी ते कलम रद्द झालं. कहाणी इथं संपायला हवी होती. पण त्यानंतरही पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आश्चर्य व्यक्त केलं आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले. वर्गाला विचारा: रद्द झालेलं कलम ठाणे अंमलदाराच्या हातात कसं राहतं? छापील पुस्तकात ते तसंच असतं, तळटीपेत 'रद्द' लिहिलेलं असतं, आणि तळटीप कोणी वाचत नाही.

न्यायालयाची भेट या सगळ्यानंतर काढावी, आधी नाही. कामकाज खुलं असतं, पण चाळीस मुलं घेऊन जाणार असाल तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना पत्र द्या किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत ठरवा. एका दालनात दहा-बाराच्या वर मुलं नकोत. सकाळी पुकारे होतात आणि तारखा पडतात, साक्षी बहुधा त्यानंतर लागतात, म्हणून मधल्या सुटीपर्यंतच थांबलात तर मुलं 'तिथं काहीच होत नाही' असं म्हणत परततात. प्रत्येकाला निरीक्षणाचा एक कागद द्या: किती प्रकरणं पुकारली, किती पुढं ढकलली, कारण काय सांगितलं. साक्षीदार गैरहजर, वकील दुसऱ्या न्यायालयात, समन्स बजावलं गेलं नाही, मुद्देमाल आला नाही. दिवाणी दाव्यात लेखी कैफियतीलाच, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरालाच, मुदत मागितलेली. ही यादी परत आल्यावर फळ्यावर मांडली की प्रलंबित खटल्यांवरचा तास आयता तयार होतो.

गुण द्यायचे असतील तर निकाल काय लागला याला शून्य गुण ठेवा. दहा गुणांचा प्रश्न असेल तर तीन वस्तुस्थितीला, दोन न्यायालयापुढचा नेमका प्रश्न एका वाक्यात मांडण्याला, दोन खटल्याच्या वाटेला, आणि उरलेले तीन हरलेल्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा लिहिण्याला. शेवटच्या तीन गुणांत वर्गातले पहिले नंबर बऱ्याचदा मागं पडतात आणि मागच्या बाकावरचा एखादा वाद घालणारा मुलगा पुढं येतो.